दूध नाही हं, नुसता खवा!

आमच्या घरचा दुधाचा रतीब बंद झाला आणि किस्स्यांचा सुरू झाला. सकाळी एक ठरलेला, कधी संध्याकाळी जास्तीचा. मैत्रिणींना सांगायला लागले की त्या पोट धरून हसतात आणि मग हळूच विचारतात, "पण आता बरी आहे ना गं ती?" मीही हसते, पण माझा एक डोळा पोरीच्या ओठांवर असतो. सुजलेत का? नाही. बरं, ऐका.

पोर म्हणजे जुई, वय अडीचच्या आसपास. दिल्लीत तिला सगळे 'जूही' म्हणतात. मी दुरुस्त करणं सोडून दिलंय. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो आम्ही. नवरा निखिल एका मंत्रालयात, मी दुसऱ्या. पण सध्या मी चाइल्ड केअर लीव्हवर. कारण जुईला दुधाची ॲलर्जी आहे. बाळ असताना पहिल्यांदा दहीभात भरवला तेव्हा अंगभर गांध्या उठल्या, ओठ सुजले आणि खोकता खोकता श्वास लागला. तो श्वास मला अजून ऐकू येतो. मिक्सर चालू असला तरी.

डॉक्टर म्हणाले, "दूध बंद. दूध से बना सब कुछ बंद." मग माझा चेहरा बघून म्हणाले, बऱ्याच मुलांची ही ॲलर्जी मोठं होता होता जाते. वजन नीट वाढू दे, मग हॉस्पिटलमध्येच बसवून थोडंसं देऊन बघू.

झालं! तेव्हापासून माझ्या डोक्यात दोनच गोष्टी. कुणी हिला चुकून दूध देता कामा नये, आणि दूध नसूनही ही वाढायला हवी. बाकी जगात काय चाललंय ते निखिल सांगतो.

*

पहिला फोन साताऱ्याला, सासूबाईंना.

"सगळं बंद म्हणजे? दही तर चालेल ना?"

"नाही आई. दही दुधाचंच."

"बरं, ताक? ताकात काय असतंय, पाणीच की!"

"ताकही नाही."

"तूप?"

"तूपही नाही."

पलीकडून अगदी खालच्या आवाजात, जसं काही कुणी आजारी माणूस शेजारी झोपलंय, "मग वरणभातावर घालतेस काय?"

"तेल," मी म्हटलं.

त्यांनी फोन सरळ सासऱ्यांच्या हातात दिला!

*

खालच्या मजल्यावर चोप्रा आंटी राहतात. जिवाला जीव देणारी बाई. पण खाऊ दिल्याशिवाय प्रेम करता येतं यावर त्यांचा विश्वास नाही. मी त्यांना समोर बसवून सगळं सांगितलं. त्यांनी कानाला हात लावला. "दूध? ना जी ना! मेरे घर में तो जूही दूध की शकल भी नहीं देखेगी!"

हिवाळ्यात त्या वाटी घेऊन वर आल्या. गाजर हलवा, वाफाळता. "जूही के लिए अलग से बनाया है. दूध बिल्कुल नहीं डाला!"

मला भरूनच आलं. इतक्या लांब, परक्या गावात, कुणीतरी माझ्या पोरीसाठी वेगळं पातेलं चढवतं! चमचा भरला, जुईने तोंड उघडलं आणि मी सहज, अगदी कौतुकाने विचारलं, "आंटी, बिना दूध के इतना गाढा कैसे हुआ?"

"सिर्फ खोया डाला है, बेटा!"

चमचा तसाच मागे. जुईचं तोंड उघडंच. मी खवा म्हणजे काय ते समजावून सांगितलं. दिल्लीतल्या पंजाबी बाईला! मी, साताऱ्याची सून! आंटींनी सगळं मान हलवत ऐकून घेतलं. पुढच्या आठवड्यात जिन्यात गाठलं. "अच्छा सुन, ॲलर्जी तो गाय के दूध की है ना? हमारे यहाँ तो भैंस का आता है!"

म्हशीचंही नाही, बकरीचंही नाही, असं मी म्हटलं. तेव्हापासून त्या माझ्याकडे जरा काळजीने बघतात. जुईकडे नाही, माझ्याकडे.

*

आता, दूध नाही तर कॅल्शियम कुठून? मी एवढी शिकलेली, पण हा प्रश्न मी दिवसातून इतक्या वेळा गुगलला विचारला की आता मला फक्त कॅल्शियमच्या गोळ्यांच्या जाहिराती दिसतात. एकदा मोठ्या हौसेने बदामाचं दूध केलं, भिजवून, सोलून, गाळून. डॉक्टरांना अभिमानाने सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, वो दूध नहीं है. वो बादाम का पानी है."

हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञ बाईंनी मग नीट बसवून सांगितलं. वरून कॅल्शियम घातलेलं सोया दूध, नाचणी, तीळ, राजगिरा, पालेभाजी. प्रोटीनसाठी डाळ, अंडं, टोफू. आणि वर औषधाचे थेंब. नाचणी! ती तर आपली! साताऱ्याहून आणलेली संपल्यावर मी निखिलला मार्केटात पिटाळलं.

निखिल हिंदीत फायली लिहितो, त्यामुळे आपलं हिंदी उत्तम आहे अशी त्याची समजूत आहे. किराण्याच्या दुकानात ही गर्दी. तो मागून हात वर करून मोठ्याने म्हणाला, "भैया, घर के लिए एक अच्छी नाचनी चाहिए!"

दुकानदाराने तराजू खाली ठेवला. "साहब, भाभीजी को पता है?"

"उसी ने भेजा है!"

अर्ध्या तासाने निखिल रिकाम्या हाताने आणि लाल कानांनी परतला. दिल्लीत तिला मंडुआ म्हणतात, किंवा रागी. नाचनी म्हणजे नाच करणारी बाई. आता पीठ आणायला मीच जाते. दुकानदार पुडा बांधता बांधता विचारतो, "साहब ठीक हैं?"

*

वैभव हा निखिलचा आतेभाऊ, लातूरकडचा. राजेंद्र नगरात खोली घेऊन यूपीएससीची तयारी करतो आणि रविवारी आमच्याकडे जेवायला येतो. बारीक अक्षर वाचण्यात पटाईत, म्हणून बिस्किटांच्या पुड्यावरचं सगळं त्याच्याकडून वाचून घेते. दूध कुठल्या कुठल्या नावाने लपून बसतं, तुम्हाला कल्पना नाही! मिल्क सॉलिड्स, व्हे, केसिन. चोर बरे, त्यांना एवढी टोपणनावं नसतात.

त्या रविवारी त्याने पुडा उलटा केला, सुलटा केला, खिडकीजवळ नेला.

"वहिनी, घटकांमध्ये दूध नाही. पण खाली लिहिलंय, 'दुधाचे अंश असू शकतात'."

"म्हणजे द्यायचं की नाही?"

त्याने चष्मा वर केला. विचार केला. "वहिनी, यात दोन मतप्रवाह आहेत."

"वैभव! हो की नाही?"

"एकीकडे, मुलाच्या बालपणाचा आनंद. दुसरीकडे, सुरक्षिततेचा मुद्दा. संतुलित दृष्टिकोनातून पाहता..."

मी जुईला उचलून आत नेलं आणि नाचणीचा लाडू दिला. बाहेर येते तर संतुलित दृष्टिकोन संपला होता. पुडाही!

*

सासूबाई हवापालटाला आल्या तेव्हाची गोष्ट. (दिल्लीला, नोव्हेंबरात, हवापालटाला! पण असो.) ऑफिसने एका कामासाठी मला तासाभरासाठी बोलावलं. जुईला सोडून बाहेर पडण्याची पहिलीच वेळ. मी सासूबाईंना इतक्या सूचना दिल्या की शेवटी त्या म्हणाल्या, "अगं, निखिल मीच वाढवलाय."

ऑफिसात टेकते न टेकते तोच फोन.

"घाबरू नकोस हं. चोप्राबाईंनी जुईला पेढा दिलाय."

"काय?"

"पेढा. त्यांनीच सांगितलं जाता जाता. मी कुकर लावत होते. पोरीने संपवला पण."

"ओठ बघा! गांध्या आल्यात का? श्वास कसा आहे?"

"हसतेय ती."

"हसतेय म्हणजे कसं? नेहमीसारखं?"

"आता हसण्यात काय बघायचं, मुली?"

कपाटावरचं ॲलर्जीचं औषध द्यायला सांगितलं, निखिलला फोन केला, आणि मी पळाले. मेट्रोकडे नाही, रस्त्यावर, दिसेल त्या ऑटोसमोर. सिग्नलला ऑटो थांबला की मी पाय असे दाबायचे, जसा काही ॲक्सिलरेटर माझ्याकडे आहे आणि मी तो दाबला की निघू. ऑटोवाल्याने आरशात बघून विचारलं, "मॅडम, कोई सीरियस है?" मी म्हटलं, "पेढा खाया है." त्याने आरसा दुसरीकडे वळवला.

क्वार्टरच्या फाटकात मी आणि निखिल दोन बाजूंनी एकदमच शिरलो. वर जुई सोफ्यावर नाचत होती. तोंड चिकट, ओठ नेहमीसारखे, अंग स्वच्छ. मागोमाग चोप्रा आंटी धापा टाकत वर आल्या, हातात डबा. "क्या हुआ जी? सब भाग क्यों रहे हैं?"

"आंटी, आपने इसको पेढा..."

"पेडा? हाय रब्बा! पेडा कौन देगा इसको? पेठा! पेठा दिया था! आगरेवाला!"

डबा उघडला. आत पांढऱ्या, पाकात मुरलेल्या, काचेसारख्या वड्या. कोहळा आणि साखर. दुधाचा थेंब नाही! बिचारीने जुईला चालेल असं शोधून आणलं होतं. मी खाली बसले, जमिनीवरच.

सासूबाईंनी एक वडी उचलून उजेडात धरली, चाखली. "कोहळा होय! थंड असतो, चांगला." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मग एवढं ऑफिस टाकून पळत कशाला आलीस?"

औषधाने जुई दुपारभर ढाराढूर झोपली. मी शेजारी बसून तिचं पोट वरखाली होताना बघत होते. पेठा खाल्ल्याने कुणाला काही होत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी बसले होते.

*

वजनाच्या दिवशी मी माणसात नसते. आदल्या दिवसापासून जुईच्या प्रत्येक घासात शेंगदाण्याचा कूट, तिळाचा कूट, खोबरं, तेल. निखिल म्हणतो, "अगं, मुलगी आहे, मसाला वांगं नाही!"

एकदा काट्यावर ठेवायच्या आधी जुई म्हणाली, "शू!" माझ्या तोंडून निघून गेलं, "सिस्टर, पहले वजन कर लीजिए ना, बाद में ले जाती हूँ."

सिस्टरने माझ्याकडे शांतपणे बघितलं. "मॅडम, बच्ची का वजन लेना है या सूसू का?"

डॉक्टरांनी आलेखावर ठिपका दिला. रेघ वर जात होती, पण खालच्याच पट्ट्यातून. मी विचारलं, ही वरच्या पट्ट्यात का जात नाही? शेजारचा मुलगा तर... माझं काही चुकतंय का? नाचणी कमी पडतेय का? जास्त होतेय का?

ते पेन बंद करून म्हणाले, "मॅडम, पूरी दिल्ली में कोई अपनी लेन में नहीं चलता. आपकी बेटी चल रही है. और क्या चाहिए?"

मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "अब टेस्ट कर लेते हैं."

*

टेस्ट म्हणजे हॉस्पिटलमध्ये बसवून दूध देऊन बघणं. घरून केक करून आणायचा, आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलेल्या मापाने दूध घालून. दुधाची पिशवी आणली तेव्हा निखिलने ती फ्रिजमध्ये ठेवताना फ्रिजकडे असं बघितलं, जसं घरात साप सोडलाय. केक छान फुगला. माझ्या हातचा पहिलाच फुगलेला केक!

वॉर्डात पलंगावर जुई, बोटाला मशीनचा चिमटा, शेजारी ट्रेमध्ये भरून ठेवलेलं इंजेक्शन. सिस्टरने तांदळाएवढा तुकडा माझ्या हातात दिला. "पहला बाइट मम्मी के हाथ से."

आजवर ह्या मुलीच्या हातातलं ओढून घेत आलेल्या बाईने आज तिच्या तोंडापुढे घास धरला. जुईने तो बघितला. मग मला बघितलं.

"आई, यात दूध आहे?"

डॉक्टरांनी सांगितलं होतं, खोटं बोलायचं नाही. "हो पिल्लू, आहे. पण आज चालतं."

तोंड बंद. असं बंद की ओठच दिसेनात! निखिलने विमान केलं, आगगाडी केली. सिस्टर म्हणाली, "चॉकलेट है बेटा." जुईने भिंतीकडे तोंड केलं. डॉक्टर येऊन गेले, परत आले. "आज नहीं खाया तो अगली डेट का कुछ कह नहीं सकते." मी घास पुढे करत राहिले. हात पुढे जायचा आणि सवयीने मागे यायचा; खायला घालतेय की हिसकावतेय, मलाच कळेना.

"मॅडम," डॉक्टर म्हणाले, "आप खाके दिखाइए."

खरंच की! मी केकचा चांगला मोठा तुकडा तोडला, तिच्यासमोर तोंडात टाकला, डोळे मोठे केले. "अहाहा! बघ, आईने खाल्ला!"

जुई माझ्याकडे बघतच राहिली. मग तिची हनुवटी थरथरली. बोटाचा चिमटा ओढून ती पलंगावरून माझ्या अंगावर चढली, मशीन किंचाळायला लागलं, तिने दोन्ही हातांनी माझं तोंड उघडून बोटं आत घातली आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी ओरडली,

"डॉक्टर अंकल! जल्दी आओ! आईने दूध खाया!"