यज्ञेश्वररावांच्या पियानोतली घरघर

सावेडीचे यज्ञेश्वर धर्माधिकारी राहुरीच्या कृषी विद्यापीठात बत्तीस वर्षं माती तपासून निवृत्त झाले. लहानपणी पेटी शिकायची राहून गेली, हे ते घरात वरचेवर सांगत. ते ऐकण्यापेक्षा वाजवणं ऐकलेलं बरं, असं वाटून की काय, मुलीने, निवेदिताने, त्यांना डिजिटल पियानो घेऊन दिला.

आठ दिवसांत स्पीकरमधून घरघर ऐकू येऊ लागली. एक बारीक आवाज सतत असायचा, दुसरा फक्त वाजवताना.

एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची, हा प्रयोगशाळेतला नियम त्यांनी घरी लागू केला. पंखा बंद केला. मोबाईल स्वयंपाकघरात ठेवला. फ्रीज बंद केला आणि तो पुन्हा सुरू करायला विसरले.

"पियानोला फ्रीज चालत नाही, हे दुकानदारानं आधी सांगायला हवं होतं," नासलेलं दूध ओतून देत त्यांच्या पत्नी सुमेधाताई म्हणाल्या.

चौथ्या दिवशी एक आवाज सापडला. धडे पाहण्यासाठी त्यांनी लॅपटॉप वायरने पियानोला जोडला होता. लॅपटॉपचा चार्जर काढला की सततची घरघर थांबायची. ही बातमी त्यांनी शेजारच्या तिन्ही घरांत आकृती काढून सांगितली.

दुसरा आवाज मात्र हटेना. संथ चाल आली की हटकून 'घूंऽऽ' व्हायचं. भिंतीवरच्या तसबिरी उतरवल्या, स्टँडखाली पुठ्ठे घातले. मग त्यांनी एकच गत दोनदा टिपली, एकदा पियानोला लावलेल्या पेनड्राइव्हवर आणि एकदा मोबाईलवर. पेनड्राइव्हवर ती स्वच्छ होती. मोबाईलवर घूंऽऽ होतं.

"म्हणजे आत सूर चांगला आहे. बाहेर पडताना बिघडतो. स्पीकर फाटलाय," त्यांनी निकाल दिला.

सुमेधाताई काहीतरी सांगायला गेल्या. यज्ञेश्वररावांनी हात वर केला. "चाचणी चालू असताना बोलू नकोस."

त्या भाजी निवडायला निघून गेल्या.

शेवटी स्नेहलला बोलावलं. ती राहुरीची; लाऊडस्पीकर आणि कीबोर्ड दुरुस्त करायची. यज्ञेश्वररावांनी तिला सगळी हकिगत पहिल्या दिवसापासून सांगितली. तिने ती ऐकून घेतली, आवाज मोठा केला आणि डावीकडून उजवीकडे सगळ्या पट्ट्या एकेक करून वाजवल्या.

"काका, स्पीकरला काहीच झालेलं न्हाई."

"संथ वाजवून बघा."

तिने संथ वाजवलं. काही नाही. मग ते स्वतः बसले, आणि तिसऱ्याच ओळीला घूंऽऽ सुरू झालं.

"हा बघा," ते विजयाने म्हणाले.

स्नेहलने वाकून स्पीकरला कान लावला. मग ती सरळ झाली आणि त्यांच्याकडे जरा वेळ पाहत राहिली. "काका, आता मी पियानो बंद करते. तुमी आवाज येतोय असं धरून तेवढंच वाजवा."

"बंद पियानोत काय कळणार?"

"वाजवा तर खरं."

त्यांनी डोळे मिटून मुक्या पट्ट्यांवर बोटं चालवली. दोन ओळी नुसती टकटक झाली. तिसऱ्या ओळीला खोलीत स्पष्ट घूंऽऽ उमटलं, आणि ते त्यांच्या नाकातून येत होतं.

बोटं थांबली. घूंऽऽही थांबलं.

"तुला ठाऊक होतं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"लग्न झाल्यापासून. दाढी करताना होतं, शब्दकोडं सोडवताना होतं. प्रयोगशाळेतल्या लोकांना सुरुवातीला वाटायचं की कोपऱ्यातलं एखादं यंत्र चालू राहिलंय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"चाचणी चालू होती."

स्नेहलने हत्यारं पिशवीत नीट भरायचं निमित्त करून मान खाली घातली.

दोन दिवस त्यांनी पियानोला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी तोंडात बडीशेप धरून वाजवून पाहिलं, ठसका लागला. ओठ घट्ट मिटले, तर आवाज आणखीच घुमला. शेवटी सुमेधाताई शेजारी खुर्ची ओढून बसल्या.

"तो काही जायचा नाही. निघतोच आहे, तर सुरात तरी काढा. तोंड उघडा आणि पियानोचा सा लावा."

सा लागायला तीन आठवडे लागले. आता संध्याकाळी ते वाजवतात आणि गातातही. आवाज बारीक आहे, वरच्या सुराला थरथरतो. शेजारचे कधी खिडकी लावून घेतात, कधी उघडी ठेवतात.