ठकीची ताटली

कुणाचंही बोलणं खरं मानायचं नाही, असं जणू व्रतच होतं सिस्टरबाईंचं. ताप उतरला म्हणालात, की त्या थर्मामीटर झटकणार. पोर दूध प्यालं म्हणालात, की पेल्यात वाकून बघणार. सगळी नोकरी आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून झाली, आणि निवृत्त झाल्यावर पेन्शन आणि माणसांचा तिटकारा अशी दोन गाठोडी घेऊन त्या खालापुरात आमच्या शेजारी राहायला आल्या. म्हणायच्या, "रोगी खोटं बोलतो, आणि नातेवाईक त्याच्याहून जास्त. तोंडाचं ऐकू नये गं, ताट बघावं."

अख्ख्या गावाला अडाणी म्हणणारी ही बाई वाकायची ती फक्त एका मांजरीपुढे. ठकी तिचं नाव. रंगानं राखाडी, अंगानं पोतं, आणि तोरा असा, की मामलेदारीण परवडली. दूधभात नको, कालचा मासा नको, सुकट नको. बोंबील हवा, तोही बिनमिठाचा, उकडून, काटे काढून, कोमट. आणि खाताना कुणी बघितलं तर पाठ फिरवून चालती व्हायची. माझ्या घरी सासू शिळी भाकरी ताकात कुस्करून मला वाढत होती, आणि कुंपणापलीकडे हा थाट! डोकं फिरायचं हो माझं.

मग एका उन्हाळ्यात ठकी वाळायला लागली. सारखी पाण्याच्या बादलीत तोंड, सारखी मुतायला राखेच्या ढिगावर. एक दिवस सिस्टरबाई त्या ढिगाशी कंबरेवर हात ठेवून उभ्या दिसल्या. मुंग्यांची रांग लागली होती.

"बघ गं शेवंते," म्हणाल्या. "मुंग्या उगाच वरात काढत नाहीत."

त्यांना स्वतःला साखरेचा आजार. रोज सकाळी स्पिरिटच्या दिव्यावर काचेच्या नळीत निळं औषध नि स्वतःची लघवी उकळायच्या. निळं राहिलं तर ठीक, विटकरी झालं तर साखर. त्या दिवशी ढिगाच्या जागी रिकामं तबक ठेवून त्यांनी ठकीची लघवी धरली. नळी विटकरी झाली. गुरांच्या डॉक्टरांकडे गेल्या. ते आधी पोट धरून हसले, आणि मग त्यांनी हिशेब करून दिला, की बाईंच्याच इन्सुलिनमधला थेंबभर सकाळी, थेंबभर संध्याकाळी. पण पोटात अन्न गेल्यावरच. उपाशीपोटी सुई दिली तर मांजर हातची जाईल.

गावाला काय, आयतीच करमणूक! कुंपणाशी येऊन बायका विचारायच्या, "बाई, मांजरीला साखर झाली म्हनं? मानसाला सुई मिळंना, नि हिला दोन टायम?"

"तुझ्या सासऱ्याला सुई द्यायला गेले तेव्हा तो माळ्यावर चढून बसला होता," सिस्टरबाई म्हणायच्या. "ही निदान जागची हलत नाही."

हलत नव्हती, पण हुशार होती. चार दिवसांत तिला कळलं, की ज्या हाताला स्पिरिटचा वास, तोच हात टोचतो. सिस्टरबाईंनी ताटली ठेवली, की ती तिकडे बघेना. म्हणून भरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी आमच्या पडवीत जर्मनची ताटली ठेवायची, तोंड फिरवून भांडी घासायची, आणि पलीकडून हाक यायची, "खाल्लं का गं?" मी "खाल्लं" म्हटलं, की त्या माठाशी ओल्या फडक्यात ठेवलेली इन्सुलिनची बाटली काढायच्या.

आता माझं पाप सांगते. एका संध्याकाळी घरी नणंदेच्या सासरची माणसं आलेली. चूल पेटेना, सासू करवादलेली. ठकीनं बोंबील हुंगला, माझ्याकडे तुच्छतेनं बघितलं आणि टोपलीमागे जाऊन बसली. तेवढ्यात हाक आली, "खाल्लं का गं?"

आणि मी म्हटलं, "खाल्लं."

का म्हटलं? सवय, दुसरं काय! जेवलीस का विचारल्यावर नाही म्हणायची रीत आपल्यात आहे कुठे? चार वर्षं सासरी पोटात कावळे ओरडत असताना मी "जेवले की" म्हणत आले होते. तेच मांजरीच्या वतीनं तोंडातून निघून गेलं.

सुई दिल्यावर तासाभरानं सिस्टरबाई ठकीला काखेत धरून आमच्या पडवीत आल्या. मांजरीची मान लुळी, पाय झटके देत होते. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. सरळ ताटलीपाशी वाकल्या. ताटली भरलेली.

"गूळ," एवढंच म्हणाल्या.

ज्या गुळाच्या वाऱ्यालाही ठकीला उभं करत नव्हत्या, तोच पाण्यात कालवून बोटानं तिच्या हिरड्यांना चोळत बसल्या. मी कंदील धरला होता. बऱ्याच वेळानं ठकीनं डोळे उघडले आणि सिस्टरबाईंचं बोट कडकडून चावलं. तेव्हा कुठे त्या बोलल्या.

"सासूशी खोटं बोल, नवऱ्याशी बोल, देवाशी बोल. सुईशी बोलू नकोस."

मला वाटलं, आता माझं तोंडही बघणार नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ठरल्या वेळी हाक आली, "शेवंते, आता सांगायचं नाही. दाखव." तेव्हापासून दोन वेळा मी चाटूनपुसून साफ झालेली ताटली कुंपणावरून वर धरायची. भरलेली असेल तर भरलेली. त्या दिवशी सुई नाही आणि शिव्या दोघींना. पण त्यानंतर कधीकधी त्या मलाही विचारायच्या, "तू जेवलीस का?" आणि उत्तराची वाट न बघता कुंपणावरून एक भाकरी पुढे करायच्या.

ठकी पुढे तीन वर्षं जगली. मेली तीही तोऱ्यातच, बोंबलाकडे पाठ करून. सिस्टरबाई रडल्या नाहीत. "नखरेल मेली," म्हणाल्या आणि ताटली माझ्याकडे ठेवायला दिली.

पुढे साखरेनं त्यांची नजर गेली आणि भाच्यानं त्यांना शेलूला नेलं. मी भेटायला गेले तेव्हा खाटेवर बसल्या होत्या, हाडं मोजून घ्यावीत अशा. शेजारी ताट झाकलेलं. मी विचारलं, "सिस्टरबाई, जेवलात का?"

"हो तर. मघाच."

मी झाकण उचललं. भात तसाच, वर साय धरलेलं वरण.

"काय हो," मी म्हटलं, "म्हातारपणी ठकीचे नखरे करता? तिचं तोंड तरी बरं होतं."

"अडाणी कुठली," त्या म्हणाल्या. पण तोंड उघडलं. मी वरणभात कालवून घास घास भरवला. मध्येच म्हणाल्या, "कोमट नाही." मी उठून कोमट करून आणला.

तेवढ्यात भाचेसून सुई उकळून घेऊन दारात आली. "आत्याबाई जेवल्या का हो?"

मी रिकामं ताट वर धरलं.