माणसाला विचारलं का?

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी आलापल्लीच्या सागवान डेपोत मोजणी लिहीत होतो. ओंडक्याची लांबी लिहून झाली होती, घेर राहिला होता. तो लिहिला आणि मग निघालो. विलास माझ्या धाकट्या बहिणीचा, मंदाचा नवरा. सकाळी चहा घेताना त्याच्या छातीत कळ आली आणि एटापल्ली रस्त्यावरच्या ज्या दवाखान्यात तो वीस वर्षं रक्त तपासत होता, तिथे पोचायच्या आतच तो संपला. त्याला आता सहा आठवडे झाले.

दवाखाना लहान, धर्मादाय. पूर्वी तिथे रुग्णांच्या नोंदींसाठी विकत घेतलेलं सॉफ्टवेअर होतं. त्यात सिकलसेलसाठी रकानाच नव्हता. आमच्या भागात रक्ताचा हा आजार आईबापाकडून पोरांकडे येत राहतो, पण रकाना मागितला की कंपनी म्हणे, पुढच्या आवृत्तीत पाहू. विलासने मग ओपन सोर्स सॉफ्टवेअर शोधून काढलं. त्याचा कोड कुणीही उघडून वाचावा, हवा तसा बदलावा आणि तो बदल सगळ्यांना परत द्यावा, अशी त्याची रीत. विलासकडे प्रयोगशाळेचा डिप्लोमा होता, कोड लिहायला तो चाळिशीनंतर शिकला. मला हे पटत नव्हतं. मी म्हटलं, "उद्या बिघडलं तर कोणाले पकडान, जावई?" तो म्हणाला, "विकतचं बिघडलं तवा तुमी कोणाले पकडलं होतं, भाऊ?" सिकलसेलचा रकाना त्याने आठवडाभरात बसवला.

दवाखान्याचे आकडे जुळवायला मी दर रविवारी जाऊ लागलो. तिथेच मी ती चूक केली. डेपोत एका नंबरचे दोन ओंडके सापडले तर एक नोंद खोटी असते, हे माझ्या हाडात मुरलेलं. दवाखान्याच्या यादीत मला अशा सतरा जोड्या दिसल्या. नाव, बापाचं नाव, गाव, जन्मतारीख, चारही एक. एका रविवारी बसून मी सतराही जोड्या एक केल्या आणि विलासला सांगितलं, यादी साफ झाली. जंगलातल्या गावांत लेकरू ज्या वारी जन्मलं त्या वाराचं नाव अनेकदा त्याला मिळतं, त्यामुळे एका गावात दोन बुधी असणार आणि दोघींचा बाप सोमा असणार, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. जन्मतारीख कुणाला सांगता येत नाही म्हणून नोंद करणारा सगळ्यांची एक जानेवारीच टाकतो, हेही ठाऊक होतं. पण आकडे जुळले की मी पुढे विचार करत नसे.

दोन महिन्यांनी एक बुधी बाळंतपणाला आली. रक्तस्राव झाला. पडद्यावर तिचा रक्तगट 'बी' होता; तो दुसऱ्या बुधीचा, मी नोंदी एक केल्यामुळे हिच्या नावावर आलेला. रक्त देण्याआधी विलास प्रत्येक वेळी नव्याने तपासायचा. नळीत 'ओ' निघाला; 'बी' चढवलं असतं तर ती गेली असती. बाई वाचली... ती त्याच्या सवयीमुळे.

तो माझ्यावर ओरडला नाही. पुढच्या रविवारी एवढंच विचारलं, "भाऊ, जोड्या लावतानी त्या बायांले इचारलं होतं का?"

"चारही गोष्टी जुळत होत्या ना."

"हे काई सागवान नाई भाऊ. माणसं हायेत, तोंड हाये त्यायले. इचारलं का सांगतेत."

मग आम्ही दोघं मोटारसायकलवर सतराही जोड्यांच्या गावी गेलो. एका बुधीच्या घरासमोर मोहाचं झाड, दुसरीच्या घरासमोर हातपंप. सतरापैकी अकरा जोड्या खरोखर दोन-दोन माणसं निघाली. विलासने सॉफ्टवेअरमध्ये 'घराची खूण' हा रकाना घातला. शिवाय नोंद जोडायची किंवा बंद करायची झाली की पडद्यावर प्रश्न येईल अशी सोय केली: माणसाला विचारलं का? 'हो' म्हटल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बदल त्याने सगळ्यांसाठी पाठवला. ते सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांत चार महिने वाद झाला, मग तो बदल मूळ सॉफ्टवेअरमध्ये घेतला गेला. कुठल्याशा डोंगराळ देशातल्या नर्सने लिहिलं, आमच्याकडेही अर्ध्या गावाचं नाव एकच. ते पत्र त्याने मला दोनदा वाचून दाखवलं.

मी एकदा त्याला अडवलं होतं. "मेलेल्या माणसाची नोंद बंद करायची तं त्याले कसं इचारान?"

"घरच्यायले इचारा. तेवढ्यासाठी तरी कोणी त्यायच्या घरी जाईन."

गेल्या रविवारी विलासची नोंद बंद करायचं काम माझ्याकडे आलं; दवाखान्याच्या यादीत तोही होता. ती उघडली. घराची खूण या रकान्यात त्याने स्वतः लिहिलं होतं: समोर मोजणीवाल्या भाऊचं घर. खाली प्रश्न आला. घरचं माणूस म्हणजे मंदा. न विचारता 'हो' दाबणं मला जमण्यासारखं नव्हतं. संध्याकाळी समोरच्या घरी गेलो. ती तांदूळ निवडत होती. सांगितलं, असं असं आहे, बंद करू का? तिने सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"घाई हाये का, दादा?"

"नाई."

"मंग राहू दे ना."

या महिन्याच्या गोषवाऱ्यात चालू नोंदींची बेरीज एकाने जास्त आहे. ती चुकीची आहे हे मला माहीत आहे. मी खाली सही केली आहे.