फहादचं एक वर्ष

कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या धक्क्यावर फेरीबोटीतून उतरलो तेव्हा माझी टोपी समुद्रात गेली होती आणि तिथे शिकणारी माझी मुलगी मृणाल बजावत होती, "बाबा, शेजाऱ्यांनी लंचला बोलावलंय. प्लीज, तिथे लेक्चर देऊ नका."

ही २०११ची पानगळ. शेजारी म्हणजे सौदी भाऊबहीण, फहाद आणि नोरा. सरकारी शिष्यवृत्तीवर आलेले. सतरंजीवर परातीएवढं ताट, त्यात कब्सा (मटण घातलेला मसालेभात). मी ऐटीत फहादला विचारलं, "काय शिकतोस, बेटा? बहिणीला सोबत आणलंस ते बरं केलंस. जेवणाची सोय झाली."

नोराला ठसकाच लागला. "काका, पीएचडी मी करतेय. हा माझा महरम." महरम (बाईसोबत असावाच लागणारा घरचा पुरुष) शांतपणे मला भात वाढत म्हणाला, "आणि स्वयंपाकही मीच केलाय."

मृणालने कपाळाला हात लावला.

मग खरी अडचण कळली. फहादचं लग्न ठरलेलं. सासरेबुवा म्हणत होते, महिनाअखेर परत ये. नोराचं वर्ष बाकी. फहाद गेला की नियमाप्रमाणे तिची शिष्यवृत्ती बंद.

तोंडावर पडलेला पुणेकर गप्प बसत नाही. "अहो, तुमच्या राजानं आत्ताच बायकांना मताचा हक्क जाहीर केलाय. हा नियमही काढेल की!"

"राजा एक पाऊल टाकतो, काका," नोरा म्हणाली, "मग मौलवींच्या कपाळावरच्या आठ्या मोजतो. तोवर माझा प्रबंध कसा थांबणार?"

"आमच्याकडे असलं काही नाही बुवा."

"बाबा!" मृणाल उसळली. "माझी इथली ॲडमिशन झाली तेव्हा देशपांडेकाकांच्या भाच्याचा पत्ता मिळेपर्यंत तिकीट कोणी काढू दिलं नव्हतं? आणि भाचा निघाला स्कारबरोला! विमानाने दोन तास!"

"वा! लांब पल्ल्याचा महरम!" फहाद हसून लोळायचाच बाकी होता.

तेवढ्यात रियाधहून त्यांच्या वडिलांचा फोन आला. नोराचा हात भातातच थांबला. वडिलांनी परस्पर व्याह्यांना मोहल्ल्यातल्या सगळ्यात कडक शेखांपुढे (धर्मगुरूंपुढे) नेलं होतं. शेख व्याह्यांवरच कडाडले, "बहिणीला परदेशात एकटं टाकून येणारा तुमच्या मुलीला काय सांभाळणार?" लग्न वर्षभर पुढे गेलं.

नोरा आधी किंचाळली, मग ताटाकडे बघत म्हणाली, "ज्या नियमानं बांधलं, त्यानंच वर्ष मिळवून दिलं. आभार मानू तरी कोणाचे?"

"माझे," फहाद पडेल चेहऱ्याने म्हणाला. "आज भांडी तू घास."

पुण्याला परतल्यावर फिरायला येणाऱ्या मंडळींनी विचारलं, "काय हो, सौदीत सुधारणा होणार का?" एरवी तासभर बोललो असतो.

"होणार," मी छातीठोकपणे सांगितलं. "राजाचं आणि मौलवींचं मला माहीत नाही. नोराचं माहीत आहे." समुद्री शेवाळावरच्या तिच्या प्रबंधाची एक प्रत मी आत्ताच मागून ठेवली आहे. त्यातलं एक अक्षर मला कळणार नाही, एवढंच तिला सांगायचं राहिलंय.