गोविंदाची चिठ्ठी आणि माझा कोंबडा

मंडळी, मुरबाडच्या वाचनालयाच्या फळ्यावर हे लिहितोय. जळून लिहितोय, पण बाजाराच्या दिवसापर्यंत पुसू नका.

महिन्यामागं जत्रेत हौसेनं होडीत बसलो. होडीवाल्यानं दुप्पट माणसं कोंबली आणि होडी खडकावर आपटली. माझा पाय मोडला, शेजारच्या गोविंदाचा हात.

दुसऱ्या दिवशी होडीवाला दोघांच्या घरी एकेक कोंबडा घेऊन आला. आमच्याकडं एका पंगतीत जेवलं की भांडण मिटलं. मी त्याला जेवायला बसवला आणि हाडवैद्याकडून पाय बांधून घेतला. गोविंदानं कोंबडा परत केला. त्यानं सरकारी दवाखान्यातून डॉक्टरची चिठ्ठी आणली, पोलीस पाटलाकडं तक्रार दिली.

आज तो कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीनं कल्याणला वकिलाकडं निघाला. मला राहवलं नाय, मीपण चढलो.

त्याचे कागद बघून वकील म्हणाले, "शाब्बास! भाड्याच्या होडीत जादा माणसं भरणं गुन्हा आहे. शिवाय भरपाईचा दावाही लावू." मला जन्मात कुणी शाब्बास म्हटलं नाय!

"आणि माझं काय?" कोंबड्याच्या जेवणासकट सगळं सांगून मी विचारलं.

"जेवल्यानं तुमचा हक्क जात नाही. वर्षाच्या आत दावा लावा. पण तुमच्याकडं कागद नाही, तेव्हा होडीतला साक्षीदार लागेल."

होडीत ओळखीचा एकटा गोविंदाच होता.

आता तुमीच सांगा, त्याच्या दारात कोणत्या तोंडानं जाऊ? त्यानं परत केलेला कोंबडासुद्धा होडीवाल्याकडून मागून मीच खाल्लाय.