नावं राखणाऱ्या शमीम आपा

शमीम आपांना एखादं नाव विकत घ्यायचं असलं की त्या आधी आमच्या दुकानात फोन करायच्या. खरं तर त्या राहायच्या आमच्याच इमारतीत, दुकानाच्या बरोब्बर डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. जिन्यात उभं राहून हाक मारली असती तरी चाललं असतं. पण नाही. खाली गिऱ्हाईक टॉवेल चोळून पोत बघत असायचं, माझे वडील, अण्णा, भाव सांगायच्या बेतात असायचे आणि नेमका गल्ल्याशेजारचा जुना फोन खणखणायचा. "हॅलो, लिहून घ्या," म्हणत आपा एखादं नाव एकदाच, स्वच्छ आवाजात सांगायच्या आणि लगेच म्हणायच्या, "आता वाचून दाखवा." वाचलेलं बरोबर निघालं तर पलीकडून "शुक्रिया" यायचं. चुकलं तर फोन ठेवल्याचा आवाज यायचा, बस. अण्णांच्या कानाशी असा फोन दोन-तीनदा आपटला गेल्यावर त्यांनी फोनच काढून टाकायची धमकी दिली होती.

आपा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या ऑपरेटर. परगावचा फोन ऑपरेटरकडून जोडून घ्यावा लागे त्या ट्रंक कॉलच्या काळात सोलापूरचे निम्मे व्यापारी त्यांचा आवाज ओळखत. एक्स्चेंजमधल्या बायका पुढे नातवंडांत आणि देवदर्शनात रमल्या. आपांना मूलबाळ नव्हतं, शौहर लवकर गेले होते, आणि कुणाच्या गप्पांत बसून दुसऱ्याच्या सुनांची उणीदुणी काढायचा त्यांना भारी कंटाळा. त्यांनी धरला तो धंदा आमच्या नव्या पेठेत तोवर कुणी ऐकलाही नव्हता. इंटरनेटवरच्या पत्त्यांची नावं, म्हणजे डोमेन, त्या विकत घेऊन ठेवायच्या आणि ज्याला गरज पडेल त्याला नफ्यात विकायच्या.

मी एकदा विचारलं, "आपा, पण नाव कसं विकत घेता येतं?"

"तू अक्कलकोट रस्त्याला प्लॉट घेतलास ना? तिथं काय हाय? कुसळं आणि चार खांब. तरी घेतलासच की. का? उद्या कुणीतरी तिथं घर बांधंल म्हणून. माझं पण तेच. फक्त माझ्या प्लॉटला सातबारा न्हाय, मुदत असते. वर्षाला पैसे भरायचे. भरले न्हाय तर नाव गेलं. ते कुणाची वाट बघत न्हाय बेटा."

अण्णांना हे काही केल्या पटायचं नाही. सुताचा भाव, रंगाचा पक्केपणा, टॉवेलचं वजन, ह्या हाताला लागणाऱ्या गोष्टी. हातात न येणाऱ्या वस्तूला पैसे मोजणं म्हणजे त्यांच्या लेखी जुगारच. "वरच्या बाई वारा इकतात," असं ते येईल त्या गिऱ्हाइकाला कौतुकानं आणि चिडून, दोन्ही एकदम, सांगायचे. आपांच्या कानावर ते गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हौ, इकते. अण्णा पंखा लावून तोच वारा घेतात, बिल पण भरतात." त्यानंतर आठवडाभर दोघांचं जिन्यात भेटूनही बोलणं नव्हतं.

त्या धंद्यातले त्यांचे नियम मात्र पक्के होते आणि ते सगळे टेलिफोनच्या खुर्चीत शिकलेले होते. नाव फोनवर एकदा सांगून कळलं पाहिजे, हा पहिला. म्हणून आमच्या दुकानात ते फोन. "दुसऱ्यांदा सांगावं लागलं तर ते नाव मेलं म्हणून समज," असं म्हणायच्या. दुसरा नियम, घासाघीस करताना आपण गप्प बसायचं. बंगळुरूच्या एका कंपनीला त्यांच्याकडचं एक नाव हवं होतं. रोज मेल यायचा, रोज आकडा चढायचा आणि आपा उत्तरच द्यायच्या नाहीत. मलाच धीर धरवेना. "बेटा, कायकू घाबरतो? ट्रंक कॉलमध्ये घाई करणाराच जास्त पैसे भरायचा. लाइटनिंग कॉल म्हणायचे त्याला. ह्या लोकांना घाई हाय, मला न्हाय." शेवटी त्या एका नावाच्या पैशांत त्यांनी दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं करून घेतली आणि शिवाय धाकट्या बहिणीला विजापूरला फ्रिज पाठवला.

तिसरा नियम त्यांचा मला सगळ्यांत आवडता. चालत्या घराचं नाव घ्यायचं नाही. एखाद्याचं दुकान त्या नावानं चालू आहे आणि त्यानं इंटरनेटवर नाव घ्यायचं राहून गेलं, तर ते आधीच घेऊन पैशासाठी त्याच्या गळ्याला हात घालणारे पुष्कळ असतात. आपा त्यांना दरोडेखोर म्हणायच्या. वळसंगच्या एका बाईंचा शेंगापोळ्यांचा धंदा होता. त्यांना हवं होतं ते नाव आपांकडे आधीपासूनच पडून होतं. ती बाई चाचरत फोनवर आली. आपांनी तिला नाव तीनदा बोलायला लावलं. तिसऱ्यांदा तिचा आवाज जरा ताठ झाला, तसं आपांनी आपल्याला पडलं त्याच किमतीला ते देऊन टाकलं, वर शेंगापोळ्यांचा एक डबा घेतला. डबा आम्ही दुकानात बसूनच संपवला. अण्णांनी पाच खाल्ल्या आणि "वाऱ्याला चव हाय की," म्हणाले.

आता आमची गोष्ट. आमच्या दुकानाचं नाव नीलव्वा टॉवेल्स. नीलव्वा म्हणजे अण्णांची आई, त्यांची अव्वा. टॉवेलच्या कोपऱ्याला जी छोटी चिठ्ठी शिवलेली असते तिच्यावर तिचं नाव असतं. अण्णा आईचं नाव घेत नाहीत, कधी आठवण निघाली की त्या चिठ्ठीवरून नुसता अंगठा फिरवतात. मी धंद्यात आल्यावर एका पोराकडून दुकानाची वेबसाइट करून घेतली होती. हॉटेलांच्या मागण्या तिच्यावरून यायला लागल्या होत्या, बरं चाललं होतं. एके सकाळी वेबसाइट उघडेना. मेल येईना, जाईना. आपांना वर जाऊन सांगितलं तर त्यांनी चष्मा लावून दोन मिनिटं काहीतरी बघितलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "शिवा, नाव कुणाच्या नावावर घेतलं होतंस?"

त्या पोराच्या. मुदत संपत आल्याच्या सगळ्या सूचना त्याच्या मेलवर जात होत्या, आणि तो परदेशी जाऊन बसला होता. त्याचा नंबर लागत नव्हता. जुन्या मालकाला सवलतीचे म्हणून जे दिवस मिळतात तेही निघून गेले होते, आणि नीलव्वाचं नाव लिलावाला लागलं होतं.

"आपलं छोटं दुकान. आपलं नाव कोण घेणार?" मी म्हणालो.

"चालत्या वेबसाइटचं नाव हाय. लोक सवयीनं तिथं येतात. जुगारवाल्यांना असलीच नावं लागतात. नाव घेतात, वर मटक्याची पाटी लावतात."

मला ते दिसायलाच लागलं. आजीच्या नावाखाली मटक्याचे आकडे, आणि जुनं गिऱ्हाईक टॉवेल मागायला तिथं जाणार. अण्णांना हे कळलं तर काय होईल ह्या विचारानं मी त्यांना एवढंच सांगितलं की वेबसाइट दुरुस्तीला आहे. पण दुकानात काही लपत नाही. आमचे जुने हिशेबनीस जगदेवराव इंटरनेट बघणारे होते, त्यांनी त्याच दिवशी अण्णांच्या कानात सगळं घातलं. हे मला माहीत नव्हतं. आणि मी आपांना बोली लावायला सांगितलंय, हे अण्णांना माहीत नव्हतं.

लिलाव शनिवारी दुपारी संपणार होता. आपांच्या खोलीत आम्ही दोघं लॅपटॉपसमोर बसलो. तिथं बोली लावणाऱ्यांची नावं दिसत नाहीत, नुसते आकडे दिसतात. आणि शेवटच्या क्षणी कुणी बोली लावली की वेळ पाच मिनिटांनी वाढतो. सुरुवातीला तिघं होते. एक जण लवकर गळला. राहिलो आम्ही आणि कुणीतरी एक. आपा आकडा चढवायच्या, तो लगेच त्याच्यावर चढायचा. अजिबात विचार करत नव्हता. मी मनात ठरवलेली हद्द जवळ आली. आपा म्हणाल्या, "आता पुढची बोली तुझ्या कुवतीच्या बाहेर जाईल. बोल, लावू का?"

मी बोटांवर पुन्हा हिशेब करायला लागलो. आपांनी पुन्हा पडद्याकडे बघितलं आणि एकदम खुर्चीत सरळ झाल्या.

"शिवा, हे बघ. आपण आठ हजार लावले, त्यानं आठ हजार एकशे एक लावले. आपण नऊ लावले, त्यानं नऊ हजार एकशे एक. वरपासून बघ. प्रत्येक बोलीत एक रुपया हाय."

"मग?"

"मटकेवाला एक रुपया कायकू लावेल? गोल आकडा लावेल. हे आहेराचं पाकीट भरल्यासारखं कोण भरतंय? हा माणूस परका न्हाय बेटा. हा नव्या पेठेतला हाय."

आम्ही दोघांनी एकदम खाली जमिनीकडे बघितलं. मी अण्णांना फोन लावला, ते उचलेनात. घड्याळात तीन मिनिटं राहिली होती. "जा," आपा म्हणाल्या, "मी हात लावत न्हाय. बोलीवाले अण्णा नसले तर वरडून सांग, मी बोली लावते. अण्णा असले तर थांबले म्हणून समज." मी जिना कसा उतरलो ते मला आठवत नाही. दुकानात कुणी नव्हतं. मागच्या गोदामात टॉवेलच्या गठ्ठ्यावर अण्णा बसले होते, शेजारी जगदेवराव, आणि दोघांची डोकी एका मोबाइलवर टेकली होती.

"गप, गप!" माझ्याकडे न बघता अण्णा ओरडले. "कुणीतरी हलकट मागं लागलाय. सोडंना झालाय. पण मी बी सोडणार न्हाय. अव्वाचं नाव हाय."

"अण्णा, तो हलकट वर बसलाय. आपा हायत त्या."

अण्णांनी मान वर केली आणि गोदामाच्या छताकडे बघत राहिले. मी जिन्याशी जाऊन जीव तोडून ओरडलो, "आपा, थांबा! अण्णाच हायत!" वरून ऑपरेटरचा तो स्वच्छ आवाज आला, "थांबलीय!"

उरलेली दीड-दोन मिनिटं आम्ही तिघं त्या गठ्ठ्यावर मोबाइलकडे बघत बसलो. कुणी चौथा येतोय का ह्याची भीती होतीच. कुणी आलं नाही. पडद्यावर हिरवी अक्षरं आली, जगदेवराव म्हणाले, "मिळालं, मालक," आणि अण्णांनी मोबाइल बाजूला ठेवून सरळ गठ्ठ्याला टेकून डोळे मिटले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. माझ्याही. असं हलकं मला लग्न ठरलं तेव्हाही वाटलं नव्हतं.

आपा धापा टाकत खाली आल्या. अण्णा भानावर येऊन लगेच भांडायला तयार. "बाई, तुमी नसता तर मला पाचशेत मिळालं असतं."

"आणि तुमी एक रुपया लावला नसता तर मी अजून चढवत बसले असते. शिवाचं घर इकलं असतं."

अण्णा हसले. मग गठ्ठ्यातला एक टॉवेल काढून त्यांनी तो दोन्ही हातांनी आपांपुढे धरला आणि म्हणाले, "घ्या, आपा." तोवर ते त्यांना कायम बाई म्हणत आले होते.

पुढे गुडघे जिना चढू देईनात, तेव्हा आपा विजापूरला बहिणीकडे राहायला गेल्या. त्या निघाल्या तेव्हा अण्णांनी मला विचारलं, "आता आपल्या नावाकडं कोण बघंल?" आपांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "मी बघते की. तिथं पण फोन हाय." आणि खरोखर, दरवर्षी मुदतीच्या दिवशी गल्ल्याशेजारचा तो फोन वाजायचा. "हॅलो, विजापूरहून ट्रंक कॉल. नाव जिवंत आहे का?" अण्णा म्हणायचे, "जिवंत हाय." पलीकडून "शुक्रिया," आणि फोन खाली.

मागच्या वर्षी अण्णांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. पुष्कळ दिवस दवाखान्यातच गेले, त्यात एक रात्र अशी होती की डॉक्टरांनीही आम्हाला नीट काही सांगितलं नाही. अण्णांना साध्या खोलीत आणलं त्या दुपारी माझा मोबाइल वाजला. आपा होत्या, आणि चिडलेल्या होत्या. "शिवा, मुदत परवा संपली. दुकानात फोन कुणी उचलत न्हाय. पैसे का गेले न्हाय?"

बँकेनं मधे कार्ड बदलून दिलं होतं, त्यामुळे पैसे आपोआप गेलेच नव्हते, आणि माझ्या तर ध्यानीमनीही नव्हतं. मी त्यांना अण्णांचं सांगितलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "फोन ठेवू नको. आधी पैसे भर, अजून सवलतीचे दिवस हायत. मी लाइनवर हाय." मी बाहेरच्या बाकावर बसून भरले. दोनदा आकडा चुकला. झालं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "आता अण्णांना दे."

मी आत जाऊन मोबाइल अण्णांच्या कानाशी धरला. आपांचा आवाज मलाही ऐकू येत होता, जुन्या एक्स्चेंजमधल्यासारखा खणखणीत. "हॅलो, विजापूरहून ट्रंक कॉल. नाव जिवंत आहे का?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांना एक एक शब्द जुळवावा लागत होता.

"हाय," ते म्हणाले. "नाव बी हाय, आपा. मी बी हाय."

पलीकडून आपा म्हणाल्या, "शुक्रिया."