अर्धा जळलेला साप

"अक्का, बाजूला व्हा. अंगठा तोडायलाच हवा," दत्तू म्हणाला. हातात कुऱ्हाड, डोळ्यांत पाणी. समोरच्या ओंडक्यावर त्याच्या धाकट्या भावाचा, सोमाचा, उजवा हात दोघांनी दाबून धरलेला.

अणशीकडच्या लाकडाच्या कॅम्पातली ही गोष्ट. तिथलं दवापाणी माझ्याकडं. लोकांना वाटायचं, मी नुसता पाला वाटते. न्हाई बाबांनो, पहिलं काम साप ओळखायचं. सकाळी ओंडका उचलताना सोमाला काळपट, पांढऱ्या पट्ट्यांचा साप चावला होता. आमच्या रानात असे दोन. एक मण्यार, जहाल विषारी. दुसरा कवड्या, नुसताच चिडका, त्याला विष न्हाई. विष चढू नये म्हणून बोट तोडायची तेव्हा रीतच होती. पण सोमा करवतकाम करणारा. अंगठ्याविना करवत धरणार कशी?

"आधी साप दाखवा."

"चुलीत घातला की," मुकादम म्हणाला.

मेलेल्या सापाच्या डोळ्यांत मारणाऱ्याचं रूप राहतं, जोडीदार ते बघून सूड घेतो, असं आमच्याकडं म्हणतात. म्हणून डोकं आधी जाळायचं. आता ओळखायचं कशावरून?

"सगळा जाळलात?"

"शेपूट बाहेर हाय बघा."

काठीनं ओढून काढला. मानेपर्यंत कोळसा. पण मण्यारीचे पट्टे शेपटीकडं ठळक होत जातात, कवड्याचे मानेशी ठळक आणि मागं पुसट. ही शेपटी अगदी कोरी. पाठीवरून बोट फिरवलं. मण्यारीच्या पाठीवर मधोमध मोठ्या खवल्यांची ओळ असते. इथं सगळे सारखे, बारीक.

"दत्तू, कुऱ्हाड ठेव. कवड्या हाय."

"नक्की व्हय, अक्का?"

"मी इथंच बसते. मण्यार असली तर ह्याच्या पापण्या जड होतील."

"आणि झाल्या तर?"

"तर मला तोंड दाखवायला जागा न्हाई."

मी सोमासमोर बसले. दुपार कलली तसा तोच म्हणाला, "अक्का, एवढं टक लावून माझ्या बायकोनंबी कधी बघितलं न्हाई."

"बोलत राहा."

बोलला की. पेज मागून प्याला, मीठ कमी म्हणून कुरकुरला. सांजेला त्याच्या पापण्या टक्क उघड्या, माझ्याच मिटायला लागल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ मोठ्या करवतीवर, ओंडक्याच्या वर दत्तू, खाली सोमा. मुकादमानं हुकूम काढला, मेलेला साप आधी अक्काकडं, मग चुलीत. सूड घ्यायला जोडीदार काही आला न्हाई. मी एवढंच शिकले, कुऱ्हाड उचलायच्या आधी शेपूट बघून घ्यावं.